उसना करंडा

लेकीचं लग्न ठरलं त्या संध्याकाळी मी एक वही केली. पहिल्या पानावर श्री, मग पाहुण्यांची नावं, मग कुणाला साडी आणि कुणाला नुसता खण, असा सगळा हिशेब. दिवाळीला लेक पुण्याहून आली, वही चाळली आणि मधल्याच एका पानावर आपल्या गिचमिड अक्षरात चार शब्द लिहून मोकळी झाली: जुनं, नवं, उसनं, निळं. खाली बारीक अक्षरात, 'चपलेत नाणं'.

दुसऱ्या दिवशी माझ्या आईनं चष्मा लावून ते वाचलं. म्हणाली, "ही काय भंगारवाल्याची यादी हाय का गं?"

यादी इंग्रजांची निघाली. लेकीच्या ऑफिसात गोव्याची एक मैत्रीण आहे, तिच्या लग्नात हिनं ते पाहिलेलं. नवरीनं लग्नाच्या दिवशी अंगावर काहीतरी जुनं, काहीतरी नवं, काहीतरी उसनं आणि काहीतरी निळं बाळगायचं, आणि बुटात सहा पेन्सचं चांदीचं नाणं ठेवायचं. इंग्लंडच्या लँकेशर भागातलं तसं एक गाणंच आहे, १९व्या शतकातलं. जुनं म्हणजे माहेरचा धागा, नवं म्हणजे पुढचा संसार, निळं म्हणजे निष्ठा. नाण्यानं पैशाची ददात पडत नाही. उसनं मात्र कुणाकडूनही घ्यायचं नाही. जिचा संसार सुखाचा झाला अशाच बाईकडून घ्यायचं, म्हणजे तिचं सुख नवरीला लागतं.

"म्हंजे सवाष्णच की," आई म्हणाली. "त्यांच्यातबी असतंय होय हे."

मला हसूच आलं. आपल्याकडे शकुनांना काय तोटा? मुहूर्तमेढ झाली की घाणा भरायचा, जात्याला-मुसळाला हळकुंड बांधायचं, देवक बसवायचं, कासाराला बोलावून हिरवा चुडा भरायचा, मामानं दिलेली पिवळी अष्टपुत्री नेसून नवरीनं गौरीहराशी बसायचं, गालाला काजळाचं बोट, वरून मीठ-मोहरी. एवढं असताना पोरीला इंग्रजांची चिठ्ठी कशाला लागावी?

पण तिचं म्हणणं वेगळं होतं. वर्षभरात ती पुण्यातल्या आठ-दहा लग्नांना जाऊन आली होती. सगळीकडे तोच मोत्यांच्या झालरीचा अंतरपाट, त्यावर नवरा-नवरीची नावं. कार्यालयवाल्यांच्या पॅकेजमधलं तेच तयार रुखवत. "सगळे शकुन भाड्यानं आणलेले," ती म्हणाली. "आपल्या लग्नात आपल्या घरचं काय असणार आहे, ते सांग ना आई." मी गप्प बसले. आम्ही ठरवलेल्या कार्यालयाच्या पॅकेजमध्येही अंतरपाट होताच, आणि मी वहीत त्यापुढं बरोबरची खूणसुद्धा करून ठेवली होती.

नव्याचं फार सांगण्यासारखं नाही. नव्याची काळजी करावी लागत नाही, नव्याची बिलं येतात. मंगळसूत्राच्या दोन वाट्यांपैकी एक माहेरची असते, ती सराफाकडून घडवून घेतली. भाव ऐकून ह्यांनी दोनदा पाणी मागितलं. 'नवं'वर काट मारली.

जुनं आईच्या ट्रंकेत होतं.

माझे वडील गिरणीत साच्यावर होते. एरवी शांत माणूस, पण जानेवारीत गड्ड्याचे, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचे दिवस आले की त्यांच्या पायाला भिंगरी लागायची. या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या निघतात, शहरातल्या ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो, आणि काठ्यांबरोबर चालणारे सगळे पांढऱ्या बाराबंदीत असतात. बाराबंदी म्हणजे बंदांचा पांढरा अंगरखा, खाली पांढरं धोतर. वडिलांचा तो जोड वर्षातून एकदाच बाहेर निघायचा. १९९७ साली ते गेले. आईनं तो धुऊन, कडुलिंबाचा पाला घालून ट्रंकेत ठेवला तो ठेवलाच.

लेकीनं धोतर उलगडलं. घड्यांवर पिवळं पडलेलं, पण कुठं विरलेलं नाही. म्हणाली, "आज्जी, अंतरपाट ह्याचा करू?"

आधी मीच बोलले. "नेसलेलं धोतर आहे गं ते. शुभकार्यात असलं..." गेलेल्या माणसाचं, असं मला म्हणायचं होतं, पण आई समोर बसली होती.

आईनं धोतराच्या काठावरून हात फिरवला. "गावानं दांड्याशी पोरीचं लगीन लावलं, ते चाललं. तुमच्या पडद्याला काय धाड भरलीय?"

सोलापूरबाहेरच्यांसाठी सांगते. एका कुंभारकन्येनं सिद्धेश्वरांशीच लग्न करायचा हट्ट धरला. ते योगी, लग्न करणार नाहीत. पोरही ऐकेना. मग तिचं लग्न त्यांच्या योगदंडाशी लागलं. बाराव्या शतकातली ही गोष्ट, आणि तो विवाहसोहळा गाव दर जानेवारीत पुन्हा करतं, तळ्याकाठच्या संमती कट्ट्यावर. पौषात आपण कुणी पोरीचं लग्न काढत नाही, पण देवाच्या अक्षता बहुतेक वर्षी पौषातच पडतात. याचं कारण मी लहानपणापासून विचारतेय. अजून कुणी धड सांगितलेलं नाही.

तरी मी भटजींना फोन केला. काय बोलायचं याची मनात पुष्कळ उजळणी करून. ते म्हणाले, "स्वच्छ धुतलेलं असू द्या, फाटलेलं नको. कापू नका, घडी घालून धरू." संपलं. पंधरा मिनिटांची माझी तयारी दीड मिनिटात निकालात निघाली.

खरी पंचाईत निळ्यानं केली.

काळं-निळं शुभकार्यात नको, हे आम्ही ऐकत आलेलो. संक्रांतीला काळी चंद्रकळा चालते, तेवढंच. लेक म्हणाली, अंतरपाटाच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्यानं छोटंसं काहीतरी काढू. ते काढणार कोण, हा प्रश्नच नव्हता. आमच्या शेजारच्या अक्का. त्यांच्या घरात कानडी, आमच्या घरात मराठी, मधल्या भिंतीवरून तीस वर्षं वाट्या इकडून तिकडे. अक्का कशिदा काढतात. कापडावर पेन्सिलची रेघसुद्धा न ओढता, ताणेबाणे मोजून. गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी असे त्यात चार टाके. गोपुर, पालखी, हत्ती, तुळशीवृंदावन, सगळं बोटांच्या हिशेबात. "आमच्याकडं नवरीला काळी चंद्रकळीच देत होते, काळ्या रेशमावर कशिदा काढून," अक्का म्हणाल्या. "आमचे संसार काय मोडले काय?" आणि त्यांनी निळ्या दोऱ्याची गुंडी मागवली.

लेकीचं तोंड गप्प बसत नाही. तिनं कौतुकानं हे होणाऱ्या सासूला सांगितलं. रात्री विहीणबाईंचा मला फोन. बाई अतिशय गोड. "ताई, हौस आहे तर करू द्या हो. फक्त अंतरपाटावर निळं म्हणजे... आमच्याकडची मोठी माणसं येणार. आमच्या बाजूनं दिसलं नाही म्हणजे झालं."

मी तो निरोप अक्कांपर्यंत पोचवला. एका बाजूनं दिसेल, दुसऱ्या बाजूनं दिसणार नाही, असं काढा. अक्कांनी मला शेजारी बसवलं, एक जुना रुमाल काढला आणि उलटा केला. सुलट उलट कळेचना. गवंतीचा टाका आधी एक घर सोडून एक असा पुढं जातो, आणि येताना सोडलेली घरं भरत मागं येतो. दोन्ही बाजूंना रेघ सारखीच. गाठ कुठंच मारत नाहीत. "एका बाजूनं खरं आणि दुसऱ्या बाजूनं लपवलेलं, असलं काम कशिद्यात होत न्हाई बघा," अक्का म्हणाल्या. त्या दोऱ्याबद्दलच बोलत होत्या, पण मला उगीच कानकोंडं झालं.

मग आठवडाभर निळं तसंच अडकून राहिलं. लेकीचे पुण्याहून फोन, मी इथून विहीणबाईंना जपतेय, अक्का जरा फुगलेल्या. एका दुपारी आई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मी आणि अक्का धोतर पसरून त्याच घोळात.

"काय करूलालाव गं मघापासनं?" आईनं विचारलं.

सांगितलं.

"निळंच पाहिजे न्हवं? मग धोतर पिवळं पडलंय, त्याला नीळ द्या की."

अक्का आधी हसायला लागल्या, मग मी. तीस वर्षं आम्ही दोघींनी पांढऱ्या कपड्यांना नीळ दिलेली, पण नीळ निळी असते हे कुणाला सुचलं नव्हतं.

नीळ आईनंच दिली. आम्हाला हात लावू दिला नाही. फडक्याच्या पुरचुंडीत नीळ बांधली, बादलीत दोन-तीनदा पिळली, ओंजळीत पाणी घेऊन त्याचा रंग बघितला, आणखी एक तांब्या पाणी ओतलं, परत ओंजळ. "भुकटी थेट टाकली तर ठिपकं पडत्यात. आन जास्ती झाली तर धोतराचं आभाळ होतंय." मग अख्खं धोतर एकदम बुडवलं, वरखाली केलं, हलकं पिळून झटकलं. गड्ड्याच्या आदल्या आठवड्यात ती दर वर्षी हेच करायची म्हणे. वडिलांना शेजारच्या माणसापेक्षा आपली बाराबंदी उजळ दिसायला पाहिजे असायची. देवाच्या दारात सुद्धा माणसाची ईर्षा सुटत नाही, असं ती म्हणाली, पण रागानं नाही.

दोरीवर वाळल्यावर धोतर असं काही पांढरं दिसायला लागलं की निळं कुठंच दिसेना. अक्कांची निळी गुंडी वाया गेली. त्यांनी ब्लाउजच्या बाहीवर कुंकवाच्या रंगाच्या दोऱ्यानं तुळशीवृंदावन काढून दिलं, आणि ते इतकं देखणं झालं की फुगवा आपोआप उतरला.

राहिलं उसनं.

आमच्या समोरच्या वैनी पद्मशाली, घरात तेलुगू. त्यांच्यात मुहूर्ताला नवरा-नवरी एकमेकांच्या डोक्यावर जिरे-गूळ ठेवतात, विड्याच्या पानावर. जीलकर्र-बेल्लम म्हणतात त्याला. लेकीला ती रीतच उसनी घ्यायची होती. मेकअपवालीनं ऐकलं आणि सरळ सांगितलं, "केसांवर गूळ ठेवणार असाल तर हेअरस्टाइलची जबाबदारी माझी नाही." विषय तिथंच संपला. जिरे-गूळ आम्ही घरी बसून नुसताच खाल्ला.

डिसेंबरात लेक पुन्हा आली, ती ठरवूनच. जेवणं झाल्यावर म्हणाली, "आज्जी, मला तुझा करंडा उसना दे."

आईचा करंडा पितळी आहे. वडिलांनी लग्नानंतरच्या पहिल्या आषाढीला पंढरपूरहून आणलेला. झाकणात आतून आरसा, एका कप्प्यात मेण, दुसऱ्यात पिंजर. लहानपणी सकाळी डोळे उघडले की मला आईची पाठ दिसायची आणि त्या एवढ्याशा आरशात तिचं अर्धं कपाळ. आधी अनामिकेनं मेणाचा गोल, मग त्यावर पिंजर. १९९७ नंतर तो करंडा मी पाहिला नव्हता. तिनं तो टाकलेला नसणार एवढंच माहीत होतं.

आई म्हणाली, "तो कशाला? तुझ्या आईकडं चांदीचा हाय."

"उसनं सुखी संसाराच्या बाईकडनं घ्यायचं असतं. तुझा झाला की सुखाचा."

"झाला. पण..."

पुढं ती बोलली नाही, आणि मीही सावरायला धावले नाही. खरं सांगायचं तर मला लेकीचा रागच आला. म्हातारीला कशाला उघड्यावर आणते ही? आणि लोक काय म्हणतील, हेही आलंच मनात, कितीही लपवलं तरी. २०२२च्या मे महिन्यात कोल्हापूरकडच्या हेरवाड गावानं ग्रामसभेत ठराव करून विधवा प्रथा बंद केल्या, कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. मग सरकारनंही इतर गावांना तसं करायला सांगितलं. तेव्हा ती बातमी मी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर स्वतः टाकली होती, खाली टाळ्यांची चिन्हं लावून. टाळ्या वाजवायला काय जातं? माझ्या भावाच्या लग्नात, २००१ साली, आई मुहूर्ताला कोठीच्या खोलीत उभी होती. खिडकीच्या गजांतून तिनं अक्षता टाकल्या. त्या मांडवापर्यंत पोचल्या नाहीत, खाली भांडी घासणाऱ्या बाईच्या डोक्यावर पडल्या. माझं बोट धरून हीच लेक उभी होती, चार वर्षांची. मी जरीच्या साडीत. "ये गं पुढं," एवढं म्हणायला मला कुणी अडवलं नव्हतं.

करंड्याचं तिथंच थांबलं. लेक पुण्याला गेली.

जानेवारीत गड्ड्याला आईला घेऊन गेले. पायांनी आता होत नाही तिला, पण अक्षता सोहळा चुकवायचा नाही हा तिचा नेम. संमती कट्ट्याभोवती मुंगीला जागा नव्हती. सातही नंदीध्वज बाशिंग बांधून उभे. संमतीवाचन सुरू झालं, आणि "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम" म्हणत लाखभर हात एकदम वर गेले. तांदळाचा पाऊस. माझ्या शेजारी आईचा हात वर होता, पातळ, बिनबांगडीचा, आणि ती सगळ्या ताकदीनं अक्षता फेकत होती. आजूबाजूला किती बायका होत्या. कोण सवाष्ण, कोण नाही, कुणी बघत नव्हतं. दर वर्षी बघत नाहीत. नऊशे वर्षांचं देवाचं लग्न तिच्या हातच्या अक्षतांनी बाटलं नाही, आणि माझ्या भावाच्या लग्नात मात्र ती गजाआड. इतकी वर्षं मी तिच्या शेजारी उभी राहून हे बघत आलेय, आणि मला ते दिसलं त्या दिवशी. येताना रिक्षात मी काही बोलले नाही. तिच्या केसांतले तांदूळ काढत बसले.

पुढच्या शनिवारी लेक आली आणि पुन्हा तोच विषय. आई वैतागली. "माझं कुंकू कवाच संपलंय बये. संपलेल्या डब्यात काय शकुन असतोय?"

"संपलं म्हणू नकोस. वाढलं म्हण," लेक म्हणाली. "तूच शिकवलंयस."

शिकवलं होतं खरंच. आमच्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. मंगळसूत्र तुटत नाही, वाढतं. कुंकवाचा डबा रिकामा झाला तर कुंकू वाढलं म्हणायचं, नाहीतर आईची चापट बसायची. आईनं लेकीकडं बघितलं आणि दूध बघायला उठून आत गेली. गॅसवर दूध नव्हतं.

सकाळी माझ्या वहीवर करंडा ठेवलेला होता.

काळा पडलेला. झाकण उघडायला सुरीचं टोक लावावं लागलं. आरशाला डाग. पिंजर थिजून खपली झालेली, मेण दगडासारखं. आणि मेणाच्या कप्प्यात एका कडेला रुतून बसलेला भोकाचा पैसा, १९४४ सालचा. मधे गोल भोक असलेले ते तांबूस पैसे १९४३ ते १९४७ एवढीच वर्षं निघाले. आईच्या आईनं तो तिला सासरी जाताना दिलेला. लेक ओरडलीच. "चपलेतलं नाणं!" पण लग्नात नवरी अनवाणी, चपला बाहेर, आणि बाहेरच्या चपला करवल्यांच्या ताब्यात. मग ठरलं की शालू आणि उपरण्याची गाठ मारताना सुपारी-हळकुंडाबरोबर हा पैसा बांधायचा. इंग्रजांना आपलं सहा पेन्सचं नाणं १९८० साली व्यवहारातून काढावं लागलं, आमचा पैसा त्याच्याही आधी बाद झालेला. शकुनाला बाद झालेलाच पैसा बरा. खर्च होत नाही.

लग्न माघात. हळदीच्या दिवशी घाणा भरताना मी आईला हाक मारली. आली नाही. "करंडा दिला तेवढं बास," म्हणाली आणि तांदूळ निवडत बसली. मी दुसऱ्यांदा हाक मारली नाही. मारायला हवी होती की नको, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

लग्नाच्या सकाळी नवरीच्या खोलीत मेकअप संपत आला होता. लेक अष्टपुत्री नेसून तयार, कपाळावर मेकअपवालीनं चिकटवलेली चंद्रकोर. लेकीनं ती काढली, करंडा पुढ्यात ठेवला आणि आईसमोर पाटावर बसली. "आज्जी, लाव."

खोलीत सात-आठ बायका होत्या. आईनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, एवढंच माझं शौर्य.

ताजं मेण मिळवायचं राहून गेलं होतं. मधमाशीचं मेण म्हटल्यावर दोन दुकानांत मला मेणबत्त्या दाखवल्या होत्या. आईनं समईच्या ज्योतीवर करंडा धरला, जुनं मेण जरा मऊ झालं. हात कापत होता, पण अनामिकेनं गोल काढताना कापायचा थांबला. पिंजर नवी, पंढरपूरचीच. दाबून लावली, फुंकर घातली. लाल भुकटी लेकीच्या नाकावर, गालावर, त्या महागड्या मेकअपवर. मेकअपवाली "अहो आजी, फाउंडेशन!" म्हणत ब्रश घेऊन धावली. त्या गडबडीत माझ्या चुलत सासूबाई मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "हे चालतं का गं?" आणि मी काय म्हणावं? "फोटोग्राफरनं सांगितलंय, आजीबरोबरचा फोटो पाहिजे." लाज वाटते सांगायला, पण हेच म्हणाले. त्या म्हणाल्या, "अच्छा, फोटोसाठी," आणि त्यांचं समाधान झालं.

मुहूर्ताला धोतर चार पदरी घडी घालून धरलं. एका टोकाला माझा भाऊ, दुसऱ्याला मुलाचे काका. मंगलाष्टकं चालू असताना विहीणबाई माझ्या कानाशी आल्या. मला वाटलं, आता निळ्याचं विचारणार. "अंतरपाट किती पांढराशुभ्र हो ताई. कुठून घेतला?" मी म्हटलं, घरचाच आहे.

आई तिसऱ्या रांगेत खुर्चीवर बसली होती. खुर्ची माझ्या भावानं धरून आणली होती, हे मला नंतर कळलं. तिच्या अक्षता या वेळी कुठं पडल्या, ते मला दिसलं नाही. मी रडत होते.

मांडवपरतणीला लेक-जावई आले. लेकीनं पिशवीतून करंडा काढून आईच्या हातात दिला. "उसनं परत. आणि भांडं रिकामं देऊ नये म्हणून साखर घातलीय."

"साखर?" आईनं झाकण उघडलं. मेणाच्या कप्प्यात काठोकाठ साखर. "अगं, वाटीत घालत्यात साखर. करंड्यात घालतंय का कुणी, खुळे?"

जावयांनी हसू दाबलं. करंडा आईच्या उशाशी गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला मुंग्या लागलेल्या. उशीपासून दारापर्यंत रांग. आईनं लेकीच्या नावानं शंख करत करंडा अंगणात आणला, साखर तुळशीत झटकली, आणि चिंच-राख घेऊन घासायला बसली. कोपरे काडीनं, आरसा पदरानं. दहा वाजेपर्यंत ती तिथंच होती. उन्हात पितळ नव्यासारखं दिसायला लागलं.

मी बाजाराची पिशवी घेऊन निघाले तेव्हा तिनं मान वर केली.

"मधल्या मारुतीकडं जाणार हाईस का?"

"हो. का गं?"

"मधमाशीचं मेण मिळतंय का बघ जरा. मेणबत्तीचं आणू नकोस."